टॉप स्कोअरची तयारी : ६० सेकंदांसाठी एक महिना

१२ नोव्हेंबर, बुधवार

१४ डिसेंबरच्या घोड्यांच्या जंपिंग स्पर्धेचं, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेचं, पत्रक आज आलं. नेहमीच्या गटांबरोबर या वेळी टॉप स्कोअर ठेवलंय. मी नाव दिलं. प्रवेश शुल्क १,५०० रुपये. या प्रकारात मी कधी उतरले नाही, आणि तयारी कशी करायची हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून या नोंदी.

आधी नियम, पत्रकात आहेत तसे. नेहमीच्या जंपिंगमध्ये अडथळ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि पोल (अडथळ्यावरचा आडवा दांडा) पडला की ४ दोष लागतात. इथे क्रम नाही. मैदानात १० अडथळे, प्रत्येकावर गुणांची पाटी, १० पासून १०० पर्यंत. कुठलाही अडथळा कुठल्याही बाजूने, कुठल्याही क्रमाने घ्यायचा. स्वच्छ उडी झाली तर गुण मिळतात, पोल पडला तर काही नाही. एक अडथळा दोनदाच गुण देतो. तिसऱ्यांदा घेतलात तर बाद होत नाही, फक्त वेळ वाया. पडलेला अडथळा फेरी संपेपर्यंत पुन्हा उभारत नाहीत. ६० सेकंद झाले की घंटा. घंटेनंतर शेवटची रेषा ओलांडायची, कारण गुण सारखे झाले तर तिथला वेळ धरतात. शिवाय एक 'जोकर' आहे, सगळ्यांत उंच, ११० सेंटिमीटरचा. स्वच्छ गेला तर २०० गुण, पाडला तर मिळवलेल्यातून २०० वजा. आंतरराष्ट्रीय नियमात वेळ ४५ ते ९० सेकंदांत कितीही ठेवता येते आणि गुण १२० पर्यंत जातात. आपल्याकडे ६० सेकंद आणि १०० गुण.

घोडी रेवा. कुमैत (तांबूस तपकिरी), ११ वर्षांची, रेसमधून आलेली. पुण्याचा रेसचा मोसम पावसाळ्यात असतो आणि मुंबईचा हिवाळ्यात. दोन्हीकडून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) आसपासच्या रायडिंग स्कूलमध्ये येतात, त्यांतलीच ही. वेगाला कमी नाही, वळणावर मात्र बाहेर सरकते.

आज रात्री कागदावर योजना केली : १००, ९०, ८०, ७०, मग जोकर, मग तेच पुन्हा. बेरीज १,०८०. झोपेपर्यंत मला ती योजना फार चांगली वाटत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरावाचं मैदान उभं करण्यात आख्खा दिवस गेला. आमच्याकडे अडथळ्यांच्या स्टँडच्या सहा जोड्या आणि १४ पोल आहेत. दहा अडथळ्यांना ते पुरत नाहीत. निलगिरीचे आठ वासे आणले, ३५० रुपयांना एक. साडेतीन मीटरला कापून, सोलून रंगवले. रंगाचे १,१५० रुपये.

चूक झाली ती पोल टेकवायच्या कपांत. फॅब्रिकेशनवाल्याकडून मी लोखंडी आकडे करून आणले होते, ९०० रुपये. पोल त्यांत इतका घट्ट बसायचा की घोडीचा पाय लागला असता तरी पडला नसता. आमचे शिक्षक घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार आहेत, आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. त्यांनी एक आकडा हातात घेतला, पोलला खालून धक्का दिला आणि म्हणाले, "ताई, पोल पडण्यासाठीच असतो. हा पडला नाही तर घोडा पडेल." दुपारी सगळे आकडे काढले. नव्याने उथळ कप करून घेतले, १२ नग, १८० रुपयांना एक. कपाची खोली १८ ते ३० मिलिमीटर हवी. आम्ही २० ठेवली. ऑक्सरच्या (मागेपुढे दोन पोलांच्या रुंद अडथळ्याच्या) मागच्या पोलला मात्र घरगुती कप लावायचा नाही. तिथे दाब आला की निसटणारा सेफ्टी कपच हवा, आणि ते आमच्याकडे दोनच जोड्या आहेत. अडथळा दोन्ही बाजूंनी घ्यायचा तर दोन्ही पोल कधी ना कधी मागचे होतात, म्हणून सरावात एकच ऑक्सर, बाकी सगळे साधे उभे अडथळे. त्याच कारणाने ऑक्सरचे दोन्ही पोल एकाच उंचीवर ठेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली घड्याळी फेरी. भाचीने कुंपणावरून मोबाइलवर चित्रण केलं, मोतद्दार मामांनी ६० सेकंदांना थाळी वाजवली.

नऊ उड्या झाल्या, दोन पोल पडले, त्यांतला एक जोकरचा. १००, ८० आणि ७० दोनदा मिळाले, ६० एकदा. ९० पडला. बेरीज ५६०, त्यातून जोकरचे २०० गेले, उरले ३६०. थाळी वाजली तेव्हा मी शेवटच्या रेषेकडे पाठ करून दुसऱ्या टोकाला होते. रेषा गाठायला आणखी नऊ सेकंद लागले.

संध्याकाळी चित्रण थांबवत थांबवत बघितलं. उड्यांमध्ये वेळ जात नव्हता. वेळ जात होता एका मोठ्या अडथळ्याकडून दुसऱ्या मोठ्या अडथळ्याकडे जाण्यात. जड गुणांचे अडथळे साहेबांनी मुद्दाम एकमेकांपासून लांब आणि अवघड कोनात लावले होते. "स्पर्धेतही कोर्स आखणारा हेच करणार," ते म्हणाले. दोन वळणांतच १९ सेकंद गेले होते. सरासरी एका उडीला साडेसहा सेकंदांहून जास्त.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एकही उडी नाही, नुसतं मोजमाप. ज्याला हा प्रकार करायचाय त्याने इथूनच सुरुवात करावी. मी सहा दिवस उशिरा केली.

चुन्याने २० मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं आणि घड्याळ लावून कँटरमध्ये (मध्यम दौडीत) फेऱ्या घेतल्या. डावीकडून एक फेरी ११.२ सेकंद. उजवीकडून १३.० सेकंद. प्रत्येक बाजूच्या चार फेऱ्यांची ही सरासरी आहे. तेच अंतर, तोच घोडा, आणि एका फेरीत जवळजवळ दोन सेकंदांचा फरक. उजवीकडे वळताना तिचा डावा खांदा बाहेर पडतो आणि मी तिला सावरण्यात वेग घालवते. रेवा उजवीकडे 'जरा जड' आहे हे मला तीन वर्षं माहीत होतं. ते किती, हे आज कळलं.

मग सरळ रेषा. तिची एक स्ट्राइड (कँटरमधली एक झेप) ३.६ मीटर भरली. माझी चार पावलं म्हणजे तिची एक स्ट्राइड, हे पायी चालताना धरायचं माप. चार स्ट्राइडच्या, म्हणजे उतरण्या-उचलण्याची आणखी एक स्ट्राइड धरून १८ मीटरच्या, रेषेला एका उडीसकट सव्वातीन सेकंद लागतात. डावीकडे अर्धं वळून शेजारच्या समांतर रेषेवर यायला सुमारे साडेसहा सेकंद, उजवीकडे आठ. घेतलेल्याच रेषेवर उलट परत यायचं असेल तर थेंबाच्या आकाराचं वळण घ्यावं लागतं, ते डावीकडून नऊ सेकंद, उजवीकडून अकरा.

हे आकडे पुठ्ठ्यावर लिहून खोगीरखोलीच्या दारावर लावले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी आलेख कागद घेऊन बसले. १ सेंटिमीटरला २ मीटर धरलं की ६० बाय ४०चं मैदान ३० बाय २० सेंटिमीटरमध्ये मावतं. अडथळ्यांच्या जागी टाचण्या टोचल्या आणि घोड्याच्या वाटेने शिवणाचा दोरा फिरवला. वळणं गोल ठेवायची. टाचणीपाशी दोरा टोकदार वळवला तर घोडाही तसा वळेल असं वाटायला लागतं, आणि तो वळत नाही. दोरा सरळ करून मोजला की मीटर कळतात, मीटरचे सेकंद करता येतात.

माझ्या पहिल्या योजनेचा दोरा ३७० मीटरच्या वर गेला. रेवा सेकंदाला साडेपाच-पावणेसहा मीटर जाते, म्हणजे वळणावरचा मंदपणा न धरताही ६५ सेकंद. ती योजना कागदावरसुद्धा पुरी होत नव्हती.

मग प्रत्येक तुकड्याला गुण भागिले सेकंद असा हिशेब केला. कोपऱ्यातल्या १००साठी साडेसात सेकंद, म्हणजे सेकंदाला १३ गुण. मधल्या रेषेवरचे ६०, ८० आणि ५० एका दमात घेऊन डावीकडून थेंब करून उलट परत आलं तर २१ सेकंदांत ३८०, म्हणजे सेकंदाला १८. पाटीवर १०० लिहिलेला अडथळा ५०पेक्षा महाग पडत होता.

आज तसं करून बघितलं. रेषांवरचे अडथळे दोनदा, जोकर नाही, लांबचा १०० नाही. ११ उड्या, एकही पोल नाही, ५८० गुण. मागच्या मंगळवारपेक्षा २२० जास्त, आणि घोडी कमी दमलेली.

जोकरचा हिशेब वेगळा आहे, तो सविस्तर लिहिते. स्वच्छ गेला तर २०० मिळतात, पाडला तर २०० जातात. जाऊन यायला सात सेकंद. त्या सात सेकंदांत मी दुसरीकडे साधारण १०५ गुण मिळवते. म्हणजे जोकर परवडायचा असेल तर त्याची सरासरी कमाई १०५च्या वर हवी. गणित केलं तर शंभरातल्या ७६हून जास्त उड्या स्वच्छ जायला हव्यात. शनिवारपासून मी मोजतेय, उद्यापर्यंत २० उड्या पुऱ्या करायच्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मामांनी फोन केला. रेवाच्या पुढच्या डाव्या पायाला, मागच्या शिरेवर (कंडरेवर), ऊब आणि किंचित सूज. लंगडत नव्हती, पण दुडकीत पाऊल आखडून टाकत होती.

चूक माझी आहे, स्पष्ट लिहिते. १८ ते २६ या नऊ दिवसांत तीन घड्याळी फेऱ्या, जोकरच्या २० उड्या आणि अंग मोकळं करायच्या धरून सुमारे ७० उड्या झाल्या. एरवी आठवड्याला २५च्या वर जात नाही. त्यातून मैदान मुरमाचं, पाऊस संपून महिना झालेला, वरचा थर दगडासारखा. आकडे गोळा करण्याच्या नादात पायाखालची जमीन बघायची राहिली.

पशुवैद्यांनी पाय तपासला. शीर फाटलेली नाही, ताण आहे. दिवसातून दोनदा २० मिनिटं गार पाण्याची धार, पाच दिवस नुसतं हाताने चालवणं. १,८०० रुपये. नालबंदालाही आजच बोलावलं, कारण टाचेकडे नाल झिजला होता. चारही पायांना नवे नाल, २,२०० रुपये. मामांनी चंदी निम्मी केली आणि वैरण वाढवली, नाहीतर उभ्या घोड्याला दाणा अंगावर येतो.

शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून मैदान दोनदा आडवं-उभं कुळवून घेतलं, मग पाणी मारलं. ८०० रुपये. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

जोकरचा निकाल तेवढा नोंदवते. २०पैकी १३ स्वच्छ. म्हणजे शंभरात ६५, आणि लागतात ७६. जोकर परवडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

घोडीवर बसायचं नाही, म्हणून वही घेऊन साहेबांकडे गेले. सरावाच्या मैदानासाठी नवी, आणखी बारीक योजना केली होती, १२ उड्यांची. त्यांनी ती नीट बघितली आणि विचारलं, "हे मैदान तुम्हाला स्पर्धेत कोण देणार आहे?"

मी गप्प बसले. कोर्सचा नकाशा स्पर्धेच्या दिवशी सकाळी लागतो. पायी फिरून बघायला १५ मिनिटं मिळतात. अठरा दिवस मी एका अशा मैदानाची वाट पाठ करत होते जे १४ तारखेला नसणार.

साहेब ६१ कॅव्हलरीत होते. १९५३ साली संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिलेली ही रेजिमेंट, राजपूत, कायमखानी आणि मराठा जवानांची. तिथे त्यांनी शिकवलेल्या प्रत्येक नव्या स्वाराला ते आधी घोड्याची मापं पाठ करायला लावत, मैदानाची नंतर. दारावरचा माझा पुठ्ठा दाखवून म्हणाले, "तुमची तयारी एवढीच. मैदान कुठलंही असो, डावीकडचं वळण साडेसहा सेकंदांचंच राहणार. वाट तिथे उभं राहून काढायची."

मग त्यांनी जोकरच्या २० उड्यांची माझी यादी मागितली आणि एक प्रश्न विचारला : कुठल्या हाताने आलात तेव्हा? भाचीच्या चित्रणावरून वेगळं केलं. डावीकडून वळून आल्यावर ११पैकी ९ स्वच्छ. उजवीकडून ९पैकी ४. डावीकडचा हिशेब केला तर सरासरी १२७ गुण. आकडा लहान आहे, ११ उड्यांवर फार विसंबू नये हे मला कळतं. तरी नियम लिहून ठेवला : जोकर फक्त डावीकडून, फक्त एकदा, आणि बाकीचे गुण पदरात पडल्यावर.

५ डिसेंबर, शुक्रवार

मंगळवारी हलकी दुडकी, बुधवारी कँटर. पाय गार आणि साफ. पण पाच दिवस बांधून राहिलेली घोडी हाताला ओढत होती, आणि मला वाटलं वळणं आवळायला जरा कडक बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) लावावं. २,४०० रुपयांचा पेल्हम आणला. काल त्याने वळण खरंच आखूड झालं, पण अडथळ्यासमोर तिने मान वर केली आणि पाठ पोकळ केली. दोनदा थांबली. रेवा माझ्याखाली थांबली असं गेल्या वर्षभरात झालं नव्हतं. आज पुन्हा तिचं नेहमीचं साधं बिट, स्नॅफल, लावलं, तर पहिल्या तीन उड्या तिने शंका घेऊनच मारल्या. दोन दिवस आणि २,४०० रुपये गेले. तोंडाची भीती घालवायला आणखी दोन दिवस लागतील. स्पर्धेला दहा दिवस असताना लगाम बदलू नये.

८ डिसेंबर, सोमवार

साहेबांनी काल संध्याकाळी माझ्या माघारी सगळं मैदान बदललं. आज सकाळी हातात नकाशा आणि १५ मिनिटं.

पहिला प्रयत्न वाईट गेला. ११ मिनिटं मी पावलांनी अंतरं मोजत राहिले. वाट ठरवायला चारच उरली. घोडीवर बसल्यावर "साठ, ऐंशी, नव्वद, सत्तर" असे नुसते आकडे डोक्यात होते, आणि मधे कुठेतरी ८० एकदा घेतला की दोनदा हेच आठवेना. तो तिसऱ्यांदा घेतला. गुण शून्य, तीन सेकंद वाया. पुढे ६० पाडला आणि परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच रेषेत शिरले.

ही शेवटची गोष्ट धोक्याची आहे. आपण एका बाजूने जाताना पाडलेला पोल पलीकडे पडतो. उलट बाजूने परत येताना तोच पोल नेमका घोड्याच्या उडीच्या जागी लोळत असतो, आणि फेरी चालू असताना तो कुणी उचलत नाही. रेवाचा पाय पोलवर पडला नाही, हे आज आमचं नशीब. तेव्हापासून पक्कं : पडलेला अडथळा म्हणजे बंद वाट. घसरत्या पोलवरून घोडा नेण्याइतका एकही गुण मोलाचा नाही.

दुपारी नव्याने पद्धत बसवली. पायी फिरताना आधी तीन मिनिटं काहीच मोजायचं नाही. मैदानाच्या मधोमध उभं राहून समांतर रेषा शोधायच्या, ज्या डाव्या वळणांनी जोडल्या तर गोल फिरत राहता येईल. मग फक्त त्याच रेषांची अंतरं पावलांनी मोजायची. मग त्या वाटेने घोड्याच्या जागेवरून, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेने, चालायचं. शेवटी दोनच फाटे ठरवायचे : अमुक पडला तर काय आणि घंटा अमुक ठिकाणी वाजली तर रेषेकडे कसं जायचं. मी आधी पाच फाटे काढले होते, ते एकही आठवले नाहीत.

आणि लक्षात ठेवायला आकडे सोडून रंग. "लाल, पिवळा, वळ, निळा, वीट." हे तोंडाने म्हणत गेलं की चुकत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा अनोळखी मैदान. ११ उड्या, एक पोल, ६४० गुण, जोकर न घेता. मामांनी थाळी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी वाजवली, ५० ते ६० सेकंदांमध्ये कधीही. थाळी ऐकली की पुढचा अडथळा सोडून रेषेकडे. मात्र घोडा उडीसाठी उचललेलाच असेल आणि तेव्हा घंटा झाली, तर ती उडी स्वच्छ गेल्यास धरतात. म्हणून अडथळ्याच्या अगदी पुढ्यात घंटा आली तर खेचायचं नाही, बसून राहायचं.

मैदानात घड्याळ दिसेलच असं नाही. त्यावर उपाय आपोआप मिळाला. दोन रेषा आणि दोन डावी वळणं मिळून एक फेरा सुमारे २० सेकंदांचा होतो. दोन फेरे झाले की ४० सेकंद संपले आणि त्या चार अडथळ्यांचे गुणही संपले, कारण तिसऱ्यांदा काही मिळत नाही. वाटच घड्याळाचं काम करते.

१४ डिसेंबर, रविवार

घोड्याची गाडी पहाटे साडेचारला आली. जाऊन-येऊन ६,००० रुपये. साडेसहाला उतरवून मामांनी तिला तासभर चालवलं.

नकाशा साडेआठला लागला. लांब बाजूला ६० आणि ८०, मधे पाच स्ट्राइड. त्याला समांतर, १५ मीटर आत, ९० आणि ७०, मधे चार स्ट्राइड. १०० प्रवेशदाराच्या कोपऱ्यात, उजव्या वळणावर. जोकर लहान बाजूसमोर आडवा, शेवटच्या डाव्या वळणातून सरळ येईल असा. पुढे डावीकडेच ५०. बाकीचे विखुरलेले.

समांतर रेषा मला तीन मिनिटांच्या आतच दिसल्या. ६०, ८०, डावं वळण, ९०, ७०, डावं वळण, पुन्हा तेच. ६०० गुण, ४० सेकंद. मग जोकर एकदा, मग ५०, मग घंटा. साहेबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "१००चं काय?" म्हटलं, घ्यायचा नाही. ते पुढे चालू लागले.

माझ्याआधी नऊ जण गेले. त्यांतले सहा जण सुरुवातीलाच १०० किंवा जोकरकडे वळले. तिघांनी जोकर पाडला. वजा २०० घेऊन फेरी सुरू झाली की स्वार घाई करतो, हे कुंपणाबाहेरून फार स्पष्ट दिसतं.

माझा नंबर सकाळी अकरा वाजल्यानंतर लागला. घंटा झाल्यावर सुरुवातीची रेषा ओलांडायला ४५ सेकंद असतात. त्यांतले मी ३० वापरले, डाव्या हाताला कँटर बसवायला. उभ्याने सुटलो असतो तर पहिलेच दोन सेकंद गेले असते.

पहिला फेरा चारही स्वच्छ. ३०० गुण. दुसऱ्या फेऱ्यात ८०ला मागचा पाय लागला, पोल पडला. तो पुढच्या बाजूला पडला आणि आमची वाट त्या बाजूला पुन्हा जाणार नव्हती, म्हणून काही बदलायचं नव्हतं. ९०, ७० स्वच्छ. ५२० गुण. डावं वळण, जोकर समोर. रेवाने कान पुढे केले, मी मांड घट्ट ठेवून हात सोडले, आणि ती वरून गेली. ७२०.

इथे मी नियम मोडला.

डावीकडे ५० समोर दिसत होता, चार सेकंदांवर. पण आत्ताच ओलांडलेला जोकर मागे होता आणि २०० हा आकडा डोक्यात वाजत होता. मी उजवीकडे वळवलं. उजवीकडे, जिथे ती ९पैकी ४ देते. वळण रुंद झालं, खांदा बाहेर पडला, ती जोकरच्या बाजूने निघून गेली. पोल पडला नाही म्हणून गुण गेले नाहीत, पण घंटा तिथेच वाजली. शेवटची रेषा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आठ सेकंद.

७२० गुण, १७ जणांत चौथी. तिसऱ्या क्रमांकाचे गुण ७६०. पन्नास घेतला असता तर माझे ७७० झाले असते. पहिल्या क्रमांकाच्या स्वाराचे ८६०, आणि त्याने जोकर एकदाच घेतला.

रेवाला मी ज्या वळणावर नेलं तिथे ती काय करेल हे माझ्या स्वतःच्या अक्षरात दारावर लिहिलेलं होतं. तिने काही चुकवलं नाही. गाडीत चढवताना तिच्या गळ्याला हात लावून मी बराच वेळ उभी होते.

१६ डिसेंबर, मंगळवार

पाय चारही गार. काल गार पाणी आणि हाताने चालवणं, आज अर्धा तास चाल आणि थोडी दुडकी.

खर्चाची बेरीज : वासे २,८००, रंग १,१५०, वाया गेलेले आकडे ९००, कप २,१६०, ट्रॅक्टर ८००, पशुवैद्य १,८००, नाल २,२००, न वापरलेला बिट २,४००, गाडी ६,०००, शुल्क १,५००. एकूण २१,७१० रुपये. आकडे आणि बिट टाळले असते तर ३,३०० वाचले असते. मैदान आधी कुळवलं असतं तर पशुवैद्यांचे १,८०० बहुधा वाचले असते, आणि घोडीचे पाच दिवस.

दुपारी चुन्याचं वर्तुळ पुन्हा आखलं आणि उड्यांशिवाय फेऱ्या घेतल्या. डावीकडे ११.१. उजवीकडे १२.६. साहेबांनी उजव्या हाताचा व्यायाम दिलाय : २० मीटरच्या वर्तुळात जमिनीवर चार पोल, दोन पोलांमधल्या स्ट्राइड मोजत, बाहेरच्या लगामावर खांदा धरून. दर दोन दिवसांनी दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पुठ्ठ्यावरचा १३.० खोडून १२.६ लिहिला.